वहिनी रुसली नव्हती

६ फेब्रुवारी

दादा,

त्या दिवशी सकाळी दहा वाजता तुझं पाकीट माझ्या हातात आलं आणि मी ते न उघडताच कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. एवढंच मी केलं. मग दाढी केली, नेहमीप्रमाणे देवासमोर पाच मिनिटं डोळे मिटून बसलो आणि तालमीला गेलो. पाकीट घेऊन आलेल्या बसच्या कंडक्टरने जाता जाता काहीतरी सांगितलं होतं, पण खाली आमची गाडी हॉर्न वाजवत होती. बुधवारी मी कुणाचंच नीट ऐकत नसे. फोन तर मंगळवारी संध्याकाळपासूनच बंद असे.

तुझी पाकिटं आधी उघडायची नाहीत हा माझा नियम तुला माहीत होता. सगळ्या देशाला माहीत होता. संध्याकाळी सात वाजता, दिव्यांखाली, लोकांसमोर फोडायचं आणि पहिल्यांदाच वाचायचं. त्याशिवाय आवाजात ताजेपणा येत नाही. आत काय आहे ते मला कसं कळणार होतं?

अकरा वर्षांनी लिहितोय ते हे सांगायला नव्हे. काम आहे. तू म्हणशील, कामाशिवाय ह्याने कधी लिहिलंय? खरं आहे.

काम असं की मे महिन्यात माझा कार्यक्रम बंद होतोय. म्हणजे मी बंद होतोय, कार्यक्रम चालूच राहणार. माझ्या जागी एक नवी मुलगी येणार आहे, हुशार आहे, भराभर बोलते. गाणी, जादू, नकला, सगळं बदलणार. फक्त 'दादाचं पत्र' तेवढं ठेवणार, कारण लोक त्याच्यासाठीच टीव्ही लावतात. आणि आता नुसतं पत्र वाचायचं नाही. पत्रातली वहिनी रंगमंचावर आणायची. एक नटी ठरली आहे. दर बुधवारी ती वहिनी होऊन येणार.

चॅनेलचे नवे संचालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. मला सर म्हणतात आणि बसा म्हणायला विसरतात. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "हे करू नका."

"का सर? वहिनी म्हणजे आपलं सोनं आहे. इतकी वर्षं लोकांनी नुसती ऐकलीय, आता बघू दे की."

"ती खरी बाई होती हो."

ते खदखदून हसले. "सर, तुम्ही असं तोंड करून बोलता ना, की क्षणभर खरंच वाटतं!"

त्यांच्या वकिलाने मला कागद दाखवला. दादा आणि वहिनी ही पात्रं काल्पनिक आहेत आणि ती चॅनेलची आहेत, असं त्यात लिहिलं आहे. खाली माझी सही आहे. वकील म्हणाला, खऱ्या माणसाने हरकत घेतली तरच काही होऊ शकेल.

म्हणून हे पत्र. तू दोन ओळी लिही. 'मी आहे, ही माझी बायको होती, तिला आणू नका', इतकंच. माझ्यासाठी नको. तिच्यासाठी लिही.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी बघतो. वॉचमन विचारतो, "काय साहेब, लग्नाची पत्रिका यायचीय का कुणाची?" मी हसून देतो. हसून देणं हाच तर माझा धंदा.

माझं काम मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू विचारलं नाहीस, आणि घरी आलो की मीही मोठेपणाचंच तेवढं सांगायचो. चार वर्ग एका खोलीत भरणाऱ्या शाळेत शिकलेला मुलगा शहरात आला तेव्हा त्याला स्टुडिओत खुर्च्या मांडायचं काम मिळालं. मग प्रेक्षकांना बसवायचं. भडक कपड्यांचे पुढे, जांभया देणारे मागे. मग त्यांना हसवून ठेवायचं. मुख्य माणूस यायच्या आधी कुणीतरी लोकांना हसवून तयार करावं लागतं. एकदा हसलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर हसतो. मी पाच वर्षं ते केलं. दिवे लागायच्या आधी मी हसवायचो, दिवे लागले की बाजूला व्हायचो.

एका बुधवारी मुख्य माणूस पायऱ्यांवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याचा कोट मला चढवला. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. मी लोकांना म्हटलं, "घाबरू नका, कोट त्यांचाच आहे, फक्त माणूस धाकटा आलाय." ते हसले. तेव्हापासून देशाला मी धाकटा. एकोणपन्नास वर्षांचा झालो, केस रंगवतो, तरी धाकटाच.

पहिली अकरा वर्षं कार्यक्रम बरा चालला. बरा म्हणजे लोक जेवता जेवता बघायचे. मग तो जादूगार आला. त्याचं कबूतर उडून वरच्या दिव्यांवर जाऊन बसलं आणि काही केल्या उतरेना. कार्यक्रम थेट चालू, हातात चार मिनिटं, आणि जादूगार वर बघून "ये, ये" करतोय. माझ्या खिशात तुझं सकाळी आलेलं पत्र होतं. दुसरं काहीच नव्हतं. मी ते काढून वाचलं.

तुला आठवत असेल. 'तुझ्या दादाने नवीन घड्याळ आणलं. ते रोज दहा मिनिटं मागे पडतं. दादा म्हणतो घड्याळ बरोबर आहे, गावच पुढे पळतंय.' आणि शेवटी, 'तुझा कार्यक्रम बघतो. सगळे हसतात. दादा हसत नाही. तो म्हणतो, ह्याला मी घरात फुकट ऐकलाय.'

दादा, तसं हसू मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या विनोदांना लोक हसायचे ते घशातून. हे पोटातून आलं होतं.

मी घरी फोन केला आणि म्हटलं, दर आठवड्याला लिही. तू 'बरं' म्हणालास. कारण विचारलं नाहीस. आणि दर बुधवारी सकाळी पहाटेच्या बसने पाकीट यायला लागलं. डॉक्टरने तुझं गोड बंद केलं तेव्हापासून तू गोड बोलतही नाहीस, ते. तू पाहुण्यांच्या मापाचं दार केलंस आणि घरचे सगळे वाकून जायला लागले, ते. दोन वर्षांहून जास्त, एकशे बारा पत्रं. सगळी सुतारी पेन्सिलीने लिहिलेली, जाड, काळी. माझ्याजवळ सगळी आहेत.

गावात तुला लोक काय म्हणत असतील, हे तेव्हा मनात आलं नाही असं नाही. आलं. पण मी मनाला सांगितलं की दादाला आवडतंय, नाहीतर तो लिहिता ना.

अजून दोन ओळी लिहिल्या नसशील तर लिही.

धाकटा


४ मार्च

दादा,

काल तुझ्या लेकीचा फोन आला. मी आवाज ओळखला नाही. कोण म्हणून विचारलं.

"टीव्हीवर शंभर माणसांचे आवाज काढता काका, पुतणीचा ओळखता येत नाही?"

चांगलंच लागलं. मी विचारलं, पत्रं मिळाली का.

"आली. दोन्ही. बाबांनी फळीवर ठेवलीत."

"वाचली?"

"फळीवर ठेवलीत म्हटलं ना."

"मग तू वाचून दाखव की ग त्याला."

"विचारलं होतं. म्हणाले, राहू दे." मग म्हणाली, "मी वाचली. ते कामावर गेल्यावर. परत चिकटवून ठेवली. तुमच्यासारखं नाही माझं, मी पाकीट वेळेवर उघडते."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, तुझं घड्याळाचं पत्र, तुझं दाराचं पत्र. काका, बाबांना आयुष्यात कधी विनोद सुचलाय?"

दादा, तिचं खरं आहे. तुला मी जन्मापासून ओळखतो. तू लाकडाइतकंच बोलतोस. आणि तेरा वर्षं माझ्या डोक्यात हा साधा प्रश्न आला नव्हता.

"आई सांगायची," ती म्हणाली. "तिला कुठे लिहिता येत होतं? भाजी निवडत निवडत सांगायची आणि बाबा रंधा बाजूला ठेवून लिहायचे. बाबा म्हणायचे, हे नको, लोक मला बावळट समजतील. आई म्हणायची, समजू देत, तुम्ही कुठे निवडणुकीला उभे आहात? पोराचा बुधवार निघतोय ना, लिहा. मग ती खोट्या आवाजात तुमच्यासारखं वाचून दाखवायची. बाबा तेव्हा हसायचे. टीव्हीवर नाही हसायचे, पण तेव्हा हसायचे."

मग तिने विचारलं. सरळच विचारलं, तुझ्यासारखं.

"काका, त्या दिवशी पाकीट तुम्ही स्टेजवर उघडलंत. आत बाबांनी लिहिलेलं होतं. ते तुम्ही वाचलंत. बरोबर?"

मी म्हटलं, दिवे डोळ्यांवर होते. अक्षर नीट लागलं नाही. वाटलं, नेहमीचंच असेल.

"बाबांचं अक्षर दारातून वाचता येतं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.


९ मार्च

दादा,

चार दिवस सकाळी देवासमोर बसतोय आणि तसाच उठतोय. शब्द जमवायचे, लोकांना बरे वाटतील असे लावायचे, ही सवय तिथेही सुटत नाही. म्हणून इथे लिहितो. तू वाचणार नाहीस, तुझी लेक वाचेल. वाचू दे.

कंडक्टर काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. तो म्हणाला, "साहेब, आत्ताच उघडा म्हणालेत." तो हसत नव्हता. मी मात्र हसलो. मला वाटलं, ह्या वेळी दादाने कंडक्टरलाही गमतीत घेतलं. मी म्हटलं, "सात वाजता उघडतो, तुम्हीही बघा." तो दारात थोडा वेळ उभा राहिला. त्याला परतीची बस होती. गेला.

सातला दिवे लागले. गाणं झालं, एक नकलाकार झाला. मग मी पाकीट फोडलं. चारच ओळी होत्या.

'तुझी वहिनी रात्री दोन वाजता वारली. छातीत दुखत होतं. तू येईपर्यंत थांबतो, पण अंधार पडायच्या आत ये. बसने येऊ नकोस, गाडी कर.'

अक्षर दिसलं. पहिल्या ओळीलाच दिसलं. माझ्यासमोर तीनशे माणसं बसली होती आणि त्यांची तोंडं आधीच हसायला तयार होती. मी तोंड उघडलं आणि वाचायला लागलो. काय वाचलं ते तुला माहीत आहे. 'प्रिय धाकट्या, तुझी वहिनी रुसून माहेरी गेली आहे. का रुसली म्हणशील तर मला माहीत नाही, आणि तिला विचारावं म्हटलं तर ती माहेरी आहे.'

तिथे ते इतके हसले की मला थांबावं लागलं. त्या थांबण्यात मी काहीही करू शकलो असतो. कागद घडी करून खाली उतरलो असतो. दादा, मी त्या वेळात पुढची ओळ जुळवली. 'घरात आता शांतता आहे. मला तिची सवय नाही.' त्यावर तर टाळ्या पडल्या. सहा मिनिटं मी कोऱ्या कागदावरून वाचल्यासारखं वाचत राहिलो, आणि कागद कोरा नव्हता. हात अजिबात थरथरला नाही. ते मला सगळ्यात जास्त आठवतं.

मी घाबरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण घाबरलेला माणूस इतकं चांगलं बोलत नाही.

आत गेल्यावर तेव्हाच्या संचालकांनी मला मिठी मारली. मेकअपवाला म्हणाला, "धाकटे, आज तुम्ही मारलं आम्हाला." 'वहिनी रुसली' हे दुसऱ्या दिवशी रिक्षांच्या मागे लिहिलेलं होतं. दर वर्षी तो भाग पुन्हा दाखवतात.

मी त्या दिवशी निघालो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आलो. तू अंगणात फळीवर रंधा मारत होतास. मी पुढे उभा राहिलो. तू वर पाहिलं नाहीस. फळी संपेपर्यंत रंधा मारलास, भुसा झटकलास आणि म्हणालास, "कार्यक्रम चांगला झाला." मग दुसरी फळी घेतलीस.

अकरा वर्षांत मला पुष्कळ पुरस्कार मिळाले. तितकं खरं कुणी बोललं नाही.

आणि मग पुढच्या बुधवारी पाकीट आलं नाही. चॅनेलने तीन लिहिणारी मुलं बसवली. पाकिटं मीच आणून दिली, तसलीच खाकी. त्यांनी वहिनीला माहेरून परत आणलं. अकरा वर्षं ती दर बुधवारी रागावते, पडते, चुकीच्या गाडीत बसते, तुला छत्रीने मारते. तिच्या तोंडी ते जे घालतात ते तिला कधी सुचलं नसतं. तिला चांगलं सुचायचं. आता कळतं की चोवीस वर्षांत माझ्याजवळ खरं असं जे होतं ते तिने भाजी निवडताना सांगितलेलं होतं. तुझं म्हणून माझ्याजवळ एकच पत्र आहे, चार ओळींचं, आणि ते मी वाचून दाखवलं नाही.


२३ मार्च

दादा,

गेल्या सोमवारी त्या नटीचे कपडे बघायला मला मुद्दाम बोलावलं. कपडेपटातली बाई गुडघ्यावर बसून तिच्या लुगड्याला टाचण्या लावत होती. नटी चांगली आहे, नम्र आहे. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, वहिनी चालायची कशी ते सांगा ना."

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

ते खोटं होतं. डावा पाय जरा ओढत चालायची, अंगणातल्या दगडावर पडल्यापासून. शाळेतून यायला मला उशीर झाला की त्या ओढत्या पावलांचा आवाज मला वळणापर्यंत ऐकू यायचा. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि वहिनी एकोणीस. मी मास्तरांची नक्कल करायचो तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसायची, आणि तू "अभ्यास कर" म्हणायचास. माझा पहिला प्रेक्षक ती. दादा, मी हे सगळं कुणालाही सांगणार नाही. नाहीतर ती नटी तशीच चालायला लागेल.

कपडेपटातली बाई म्हणाली, "सर, ढुंगणाला थोडी गादी लावू का? वहिनी जाडी होती ना?"

"बारीक होती," मी म्हटलं.

"अगंबाई, लोकांना तर जाडी माहीत आहे," ती म्हणाली आणि गादी लावली.

तेव्हा मी ठरवलं की बुधवारी सांगून टाकायचं. कार्यक्रम थेट असतो, मला कोण अडवणार? पत्राची वेळ आली. मी पाकीट बाजूला ठेवलं, हात सोडून उभा राहिलो आणि सांगितलं, अगदी साधं. "वहिनी अकरा वर्षांपूर्वी वारली. त्या दिवशीच्या पत्रात तेच होतं. मी ते वाचलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. माझा दादा माझी वाट बघत थांबला होता."

सगळे शांत झाले. खरंच शांत झाले. माझ्या मनात आलं, झालं, देवाने ऐकलं. तेवढ्यात मागून एक माणूस ओरडला, "मग गेल्या बुधवारी दादाला छत्रीने मारलं कुणी?"

आणि सगळं सभागृह कोसळलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती, हसून हसून. मी "थांबा, हे खरं आहे" म्हणालो तर आणखी हसले. मी रडलो, दादा. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी त्यांना चोवीस वर्षं शिकवलंय की ह्याच्या तोंडून निघेल ते हसण्यासाठीच असतं. त्यांचा काय दोष?

बाहेर संचालक धावत आले. "सर! कमाल! आधी कुणाला काही बोलला नाहीत? ही तर फुकटची जाहिरात झाली. वहिनी वारली, वारली, आणि चार मेला दार उघडून वहिनी हजर! लोक वेडे होतील."

रस्त्यांवर फलक लागलेत. 'वहिनी परत येतेय.'

माझ्याजवळ आता एकच रस्ता उरलाय. तो मला एका वकीलबाईंनी दाखवला आहे. त्यात हरकत तू घ्यायची गरज नाही, मीच घ्यायची, पण तू आहेस हे न्यायाधीशांना सांगावं लागेल. तुझं नाव आणि गाव बंद पाकिटात द्यायचं, ते बाहेर कुणाला दिसणार नाही. तरीही तुला विचारल्याशिवाय करायचं नाही असं मी ठरवलंय. एकदा न विचारता केलं ते पुरे. एक तारखेपर्यंत वाट बघतो. नको असेल तर लेकीकडून नुसतं 'नको' कळव.


५ एप्रिल

दादा,

तुझ्या लेकीचा निरोप एकतीस तारखेला आला. मी विचारलं, बाबा काय म्हणाले, अगदी त्यांच्या शब्दांत सांग.

ती म्हणाली, "म्हणाले, त्याला करायचं ते करू दे. मला त्याच्यात काही नाही."

"आणखी काही?"

"आणखी पातळ भाजी वाढ म्हणाले. काका, तुम्हाला काय ऐकायचं होतं?"

मला काय ऐकायचं होतं ते मला माहीत आहे. ते मिळणार नाही हेही आता माहीत आहे. तू रागावलेला असतास तर मी तुझ्या दारात बसून राहिलो असतो. पण तू रागावलेला नाहीस. तू दुसरी फळी घेतलीस.

वकीलबाई चष्म्याच्या वरून बघतात आणि गोड बोलत नाहीत. त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मी शपथेवर लिहून द्यायचं की पहिली एकशे बारा पत्रं खऱ्या माणसांची होती, त्यांची परवानगी मी कधी घेतली नाही, चॅनेलला खोटं सांगून मी त्यांना काल्पनिक केलं, आणि एकशे तेरावं पत्र हातात असताना मी दुसरंच वाचलं.

"ह्याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "न्यायाधीशांनी मनाई दिली तर नवी वहिनी थांबेल. पण जुने भागही थांबतील. सगळे. पत्र नसलेला भाग तुमच्याकडे किती आहे?"

"पहिल्या अकरा वर्षांचा."

"तो कुणी बघतं?"

"नाही."

"चॅनेल तुमच्यावर दावा लावेल. लोक तुम्हाला शिव्या घालतील. लोकांना हसल्याची लाज वाटली की ते हसवणाऱ्याला सोडत नाहीत. आणि तिथून पुढे तुम्हाला कुणी मंचावर उभं करणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आणि पुरावा लागेल. मूळ पत्रं. झेरॉक्स चालणार नाही, पेन्सिलीचं अक्षर तपासायला पाठवतील. खटला किती वर्षं चालेल सांगता येत नाही. परत मिळतील तेव्हा मिळतील. कधीकधी मिळतही नाहीत."

ह्यावर मात्र मला लगेच बरं म्हणता आलं नाही.

दादा, नीट बघ मी काय केलंय. खोट्या वहिनीला दारातून आत येऊ द्यायचं नसेल तर खऱ्या वहिनीचं जे काही ह्या जगात उरलं आहे ते पुसून टाकायला हवं. तिचा घड्याळाचा विनोद, तिचं वाकून जायचं दार, ज्यावर एक देश पोटातून हसला, ते आता कुणी ऐकणार नाही. ते तिचं होतं हेसुद्धा कुणाला कळणार नाही. कागदपत्रांत तिचा उल्लेख 'मयत पत्नी' असा आहे. आणि हे करून तुझं काहीही परत येत नाही. ती वाट बघायची वेळ परत येत नाही. अंधार पडायच्या आत तू तिला घेऊन निघालास, आणि परत आलास तेव्हा शेजारच्या खिडकीतून माझा आवाज येत होता, हे तुझ्या लेकीने मला शेवटी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

परवा दिवसभर मी सगळी पत्रं पुन्हा वाचली. ह्या वेळी तुझ्या आवाजात नाही, माझ्याही नाही, तिच्या आवाजात वाचली. दोनदा मोठ्याने हसलो. घरात एकटाच होतो. मग देवासमोर बसलो. काही मागितलं नाही. मागायला काही सापडलं नाही. तसाच बसलो आणि उठलो.

काल पत्रं द्यायला गेलो त्या न्यायालयाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, एक पंखा आणि एक कारकून. कारकुनाने मला ओळखलं. उठून उभा राहिला आणि हसला. "अहो धाकटे! इकडे कुठे? आमची ही तुमची भक्त आहे. वहिनी काय म्हणते?"

मी म्हटलं, "ती वारली."

तो हसता हसता खाली बसला, कागद ओढला आणि वाचायला लागला. दुसऱ्या पानावर त्याचं हसू गेलं. तिसऱ्या पानानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शाईची डबी पुढे सरकवली, सहीशेजारी अंगठा कुठे लावायचा ते बोटाने दाखवलं आणि पत्रं मोजून घेतली. एकेक उचलायचा, आकडा टाकायचा, खाली ठेवायचा. चार ओळींचं पत्र सगळ्यात वर होतं, म्हणून ते आधी गेलं.

मनाई आज सकाळी मिळाली. चार मेला ती येणार नाही. फलक उतरवतायत, खिडकीतून दिसतंय.

तुला देण्यासारखं, ठेवण्यासारखं माझ्याजवळ आता काही नाही. एकशे तेरा पत्रं मी काल दुपारी सव्वाबारा वाजता सही करून दिली.